प्रबोधनकाळावरची सादरीकरणं: गुण नेमके कशाचे?

निळीशाई: वर्गातल्या मुलांच्या सादरीकरणांबद्दल वरच्या धाग्यात म्हटलंय, ‘चित्रकार, वास्तुकार, लेखक कुणीही घ्या, मजकूर सगळ्यांचा सारखाच येतो, म्हणून २० पैकी १२ गुण आवाज, स्लाइड आणि वेळेला द्या.’ साफ अमान्य. मजकूर सारखा येतो कारण विषयच ‘लिओनार्दोचं जीवन’ असा दिला जातो. जन्म १४५२, मृत्यू १५१९, मधे मोनालिसा. यात तपासणार काय? एकच कलाकृती द्या. वास्तुकार ब्रुनेलेस्कीचा फ्लोरेन्सच्या कॅथेड्रलवरचा घुमट, १४२० ते १४३६. जमिनीपासून लाकडी आधार न उभारता तो चढला कसा? आत-बाहेर दोन कवचं, कड्यासारख्या आवळणाऱ्या साखळ्या, आणि आडव्या थरांत ठरावीक अंतरावर उभी लावलेली वीट. थर पूर्ण होईपर्यंत आडव्या विटा आत घसरू नयेत म्हणून ती उभी वीट. एवढं फळ्यावर रेषा काढून सांगितलं की ८ गुण तिथेच द्या.

धागाकर्ता: मग निबंधच घ्या की! सादरीकरण म्हटलं की बोलणं आलंच. आठ मिनिटांची पंधरा झाली की शेवटच्या मुलांचा तास बुडतो. वेळेचे गुण मी सोडणार नाही.

कोरागिलावा: वेळेचे २ ठेवा, १२ कशाला? पण मुद्द्याची चूक झाली तर कापायलाच हवेत. लिओनार्दोच्या ‘लास्ट सपर’ या भिंतीवरच्या चित्राला फ्रेस्को म्हणणाऱ्यांना पूर्ण गुण मिळतात, याचा संताप येतो.

धागाकर्ता: भिंतीवरचं चित्र म्हणजे फ्रेस्को, इतकंच मुलांना ठाऊक असतं. एका शब्दासाठी गुण कापणं हा निव्वळ हट्ट आहे.

कोरागिलावा: हट्ट नाही, विषयच तो आहे! फ्रेस्कोत ओल्या गिलाव्यावर रंग लावतात, म्हणून दिवसभरात रंगवून होईल तेवढाच गिलावा रोज चढवायचा. लिओनार्दोला सावकाश, पुन्हापुन्हा हात फिरवत काम करायचं होतं, म्हणून त्याने कोरड्या भिंतीवर रंगवलं. रंग त्याच्या हयातीतच सुटू लागला. शेवटची मोठी दुरुस्ती १९७८ ते १९९९ चालली. ‘फ्रेस्को’ म्हटलं की हे सगळं कारणच पुसलं जातं.

निळीशाई: सहमत. तसंच ‘मायकेलअँजेलोने व्हॅटिकनमधल्या सिस्टाइन चॅपेलचं छत आडवं पडून रंगवलं’ हे वाक्य. तो उभा राहून, मान मागे टाकून रंगवत होता. स्वतःच्या कवितेशेजारी त्याने तसं रेखाटनही केलंय.

धागाकर्ता: पुस्तकातच चूक असेल तर मुलाचे गुण कापणं अन्याय आहे.

कोरागिलावा: बरं, हे मान्य. मग कापू नका, प्रश्न विचारा: ‘हा रंग का सुटला?’ पाठांतर तिथेच थांबतं. नाहीतर दोरा द्या आणि ‘लास्ट सपर’मधल्या छताच्या तुळयांच्या रेषा स्लाइडवर पुढे न्यायला सांगा. त्या ख्रिस्ताच्या डोक्यापाशी मिळतात. लाजरं मूलही हे न बोलता दाखवू शकतं.

शाईदौत: लेखकांचं काय? राजकीय विचारवंत मॅकियाव्हेली आला की ‘साध्य साधनाचं समर्थन करतं’ हे त्याचं वाक्य म्हणून स्लाइडवर येतंच. त्याच्या ‘द प्रिन्स’ या पुस्तकात ते या शब्दांत नाही. पुस्तक लिहिलं १५१३ मध्ये, छापलं गेलं १५३२ मध्ये, लेखक वारल्यावर पाच वर्षांनी. दहा ओळींचा उतारा वाचून त्यावरच बोलायला लावा.

धागाकर्ता: ठीक. कलाकृती समजावण्याचे १०, प्रश्नोत्तरांचे ५, बोलण्याचे ३, वेळेचे २. स्लाइडच्या सजावटीला शून्य. हे मात्र मला अजून पटलेलं नाही.