कालव्याकाठी चढ नसला तरी वारा असतो

कालव्याकाठचा रस्ता सपाट असल्यामुळे तिथे रोड बाइक (पातळ टायरची वेगवान सायकल) चालवून व्यायाम होत नाही, हे मत मला अर्धेच पटते. चढ नसतो हे खरे, पण उतारही नसतो. त्यामुळे पाय थांबवून विसावा घेण्याची संधी मिळत नाही आणि एक तासाची फेरी म्हणजे जवळजवळ एक तास अखंड पेडल मारणे ठरते. त्यात वाऱ्याची भर पडते. ताशी २५ किलोमीटर वेगाने जाताना समोरून ताशी १५ किलोमीटरचा वारा आला, तर हवेचा विरोध निवांत हवेच्या तुलनेत सुमारे अडीच पट होतो, कारण तो सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. नदीकाठी वळणागणिक वाऱ्याची दिशा बदलते, सरळ खोदलेल्या कालव्यावर मात्र तोच वारा मैलोन्‌मैल तोंडावर झेलावा लागतो. म्हणून जाताना वाऱ्याविरुद्ध आणि थकून परतताना वाऱ्यासोबत, असा बेत आखणे शहाणपणाचे.

वेगाची खरी अडचण पुलांखाली येते. उन्हातून एकदम अंधारात शिरताना डोळ्यांना क्षणभर काही दिसत नाही आणि नेमके तिथेच पाझरणाऱ्या पाण्यामुळे फरशीवर हिरवट शेवाळ साचलेले असते. तिथे वळतावळता ब्रेक दाबू नये; वेग आधीच कमी करून, घंटी वाजवून, हँडल सरळ ठेवावे. टायर २३ मिलिमीटरऐवजी २८ मिलिमीटर रुंदीचे घेऊन हवा थोडी कमी ठेवल्यास पकडही सुधारते.