परदेशप्रवासासाठी एकच फ्रिक्वेंट फ्लायर योजना धरावी, की दर वेळी सोयीचे तिकीट पाहावे?

चाकणकर

चाकणच्या वाहनउद्योगात काम करीत असल्यामुळे मला वर्षातून सहा वेळा मुंबईहून फ्रँकफर्टमार्गे श्टुटगार्टला आणि एकदा सिंगापूरला जावे लागते. तिकीट कंपनी काढते. ते इकॉनॉमीचेच असते, पण बैठकांच्या तारखा हलत असल्याने तारीख बदलता येणारे, म्हणजे वरच्या बुकिंग क्लासचे (भाडेगटाचे) असते. पहिली चार वर्षे ज्या विमानात बसलो त्याच कंपनीच्या योजनेत मी नाव नोंदवत गेलो. त्यामुळे पाच खात्यांत थोडे थोडे मैल, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी वापरता येणारी जमा, साठले, त्यांतून एकही तिकीट निघाले नाही आणि बरेचसे मैल तीन वर्षांची मुदत संपून बाद झाले. या अनुभवानंतर माझे मत असे झाले आहे की, वर्षाला लांबच्या पाच-सहा फेऱ्या होत असतील तर विमानकंपन्यांची एकच आघाडी आणि तिच्यातली एकच योजना धरावी. आणि ती निवडताना फुकट तिकिटापेक्षा मिळणाऱ्या दर्जाकडे, म्हणजे वारंवार उडणाऱ्या सदस्याला सवलती देणाऱ्या पायरीकडे, पाहावे.

मी स्टार अलायन्स निवडली, कारण लुफ्थान्सा, स्विस, एअर इंडिया आणि सिंगापूर एअरलाइन्स या माझ्या वाटेवरच्या चारही कंपन्या तिच्यात आहेत. बहुतेक प्रवास लुफ्थान्साने होतो म्हणून तिचीच माइल्स अँड मोअर योजना घ्यावी, असे मलाही आधी वाटले होते. मात्र २०२४ पासून तिथे दर्जा गुणांवर ठरतो. इकॉनॉमीत खंडांतराच्या उड्डाणाला १५ आणि युरोपातल्या पुढच्या उड्डाणाला ५ गुण मिळतात. म्हणजे जाऊन-येऊन ४० आणि सहा फेऱ्यांचे २४०. तिथल्या पहिल्या पायरीलाच ६५० गुण लागतात, आणि स्टार गोल्डचे, म्हणजे आघाडीतल्या सर्व कंपन्यांत चालणाऱ्या वरच्या दर्जाचे, हक्क देणाऱ्या सिनेटर दर्जाला २,०००. इकॉनॉमीत बसणाऱ्याला ती वाट संपणारी नाही. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरमध्ये भागीदार कंपनीच्या उड्डाणाचे मैल अंतरावर आणि बुकिंग क्लासवर मोजले जातात. मुंबई ते फ्रँकफर्ट हे अंतर सुमारे ४,०८० मैल आहे. पूर्ण मैल देणाऱ्या क्लासमध्ये सहा फेऱ्यांचे ४९,००० च्या आसपास होतात, सिंगापूरच्या फेरीचे पावणेपाच हजारांहून थोडे अधिक होतात, आणि बारा महिन्यांत ५०,००० ही, स्टार गोल्डचेच हक्क देणाऱ्या एलिट गोल्डची अट पूर्ण होते. विमान जर्मन आणि कार्ड सिंगापूरचे, ही जोडी विचित्र वाटली तरी हिशेबाला पक्की आहे.

या दर्जामुळे लाउंज, जादा सामान आणि चेक-इनची वेगळी रांग मिळते, पण मला त्याची खरी किंमत एका जानेवारीत कळली. बर्फामुळे माझे पुढचे विमान चुकले, तेव्हा गोल्ड सदस्यांच्या खिडकीवर मला वीस मिनिटांत दुसऱ्या विमानात जागा मिळाली. त्याच विमानाने आलेला माझा सहकारी मोठ्या रांगेत मध्यरात्रीपर्यंत उभा होता.

हिशेबनीस

चाकणकर, आपले गणित अचूक आहे, पण ते दुसऱ्याने पैसे भरलेल्या तिकिटाचे गणित आहे. मी स्वतंत्र सल्लागार आहे आणि वर्षातून सात-आठ वेळा युरोपात व आखातात स्वखर्चाने जातो. माझ्यासारख्याने एका आघाडीला बांधून घेतले की प्रत्येक वेळी स्वस्त किंवा कमी वेळाचे तिकीट सोडून द्यावे लागते, आणि तो फरक वर्षभर जमवला तर लाउंजमधली डाळ-भाताची थाळी फार महाग पडते. लाउंजचे म्हणाल, तर पैसे भरूनही आत जाता येते, आणि अनेक क्रेडिट कार्डांवर ती सोय आहेच.

माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. मैल हे चलन असले तरी ते छापणाराच त्याची किंमत ठरवतो आणि हवी तेव्हा बदलतो. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये ही योजना आणली तेव्हा उडालेल्या अंतराचे मैल मिळत. डेल्टाने २०१५ पासून अंतर सोडून तिकिटाच्या किमतीवर मैल द्यायला सुरुवात केली, त्याच वर्षी युनायटेड तिच्या मागे गेली, आणि ज्या कंपनीने हा खेळ सुरू केला तीही २०१६ मध्ये त्याच वाटेने गेली. एअर इंडियाने २०२४ मध्ये तेच केले. ब्रिटिश एअरवेजने एप्रिल २०२५ पासून दर्जासुद्धा खर्चावर बांधला असून तिथे गोल्डसाठी २०,००० टियर पॉइंट (दर्जाचे गुण) लागतात. आपण ज्या अंतराच्या नियमावर विसंबून आहात तो एकेक कंपनी सोडते आहे.

आणि आपल्याकडच्या वाचकांना जेट एअरवेज विसरता येणार नाही. १७ एप्रिल २०१९ रोजी तिची उड्डाणे थांबली. जेटप्रिव्हिलेज ही योजना वेगळ्या कंपनीकडे असल्यामुळे साठलेले मैल वाचले आणि पुढे इंटरमाइल्स या नावाने चालू राहिले. पण वर्षानुवर्षे मुंबई विमानतळावर प्लॅटिनम कार्ड दाखवणाऱ्यांच्या त्या दर्जामागे विमानच उरले नाही.

बर्फाच्या प्रसंगाबद्दलही थोडे सांगतो. युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार तिथल्या विमानतळावरून निघणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला, विमान रद्द झाले किंवा एकाच तिकिटावरचे पुढचे विमान चुकले तर, पर्यायी विमान, जेवण आणि गरज पडल्यास निवास मिळण्याचा हक्क आहे. हवामान कारण असेल तर रोख भरपाई मिळत नाही, बाकीचे मिळते. त्यासाठी कोणत्याही रंगाचे कार्ड लागत नाही.

खिडकीजवळची

मी शिकागोत राहते आणि वर्षातून तीनदा भारतात येते, शिवाय अमेरिकेतल्या अमेरिकेत महिन्याला एक-दोन फेऱ्या होतात. आपण दोघेही एका गोष्टीवर पुरेसा भर देत नाही आहात: कोणत्या विमानाने जावे आणि मैल कोणत्या खात्यात टाकावेत, हे दोन स्वतंत्र निर्णय आहेत. हिशेबनीसांनी आघाडीतल्या पाच कंपन्यांपैकी जी स्वस्त असेल ती घेतली तरी खाते एकच ठेवता येते. तिकीट काढण्याआधी त्यावरचे बुकिंग क्लासचे अक्षर पाहणे एवढेच त्यासाठी करावे लागते, कारण तेच विमान आणि तीच खुर्ची असूनही एका योजनेत पूर्ण मैल मिळतात, दुसऱ्या योजनेत चौथा हिस्सा, आणि काही वेळा काहीच नाही.

याचे माझ्या शहरातले उदाहरण देते. युनायटेडच्या मायलेजप्लसमधून स्टार गोल्ड मिळवलेल्या सदस्याला अमेरिकेच्या देशांतर्गत प्रवासात युनायटेडच्या लाउंजमध्ये त्या दर्जावर प्रवेश नाही. त्याच विमानाने जाणाऱ्या, पण अन्य सदस्य कंपनीचे गोल्ड कार्ड असलेल्या प्रवाशाला मात्र तो आहे. घरच्या योजनेपेक्षा परकी योजना इथे फायद्याची ठरते. तरीही मी मायलेजप्लसमध्येच आहे, कारण देशांतर्गत विमानात जागा असेल तर वरच्या वर्गात बसवण्याचा लाभ युनायटेड आपल्याच सदस्यांना देते, तिच्या मैलांना मुदत नाही, आणि मैलांवर काढलेल्या तिकिटावर ती कंपनीचा अधिभार लावत नाही. हा अधिभार नवख्या माणसाला ठाऊकच नसतो. मैल भरून तिकीट फुकट मिळाले असे समजावे, आणि शेवटच्या पानावर करांबरोबर मोठी रक्कम दिसावी, असे काही युरोपीय कंपन्यांच्या तिकिटांत सर्रास घडते.

दुबईकर

आघाड्यांवरच सगळी चर्चा चालली आहे म्हणून लिहितो. एमिरेट्स कोणत्याही आघाडीत नाही, तरी दुबईत राहणाऱ्या माझ्यासारख्याला स्कायवर्ड्स सोडून दुसऱ्या योजनेचा विचार करण्याचे कारण पडत नाही. मुंबई काय, लंडन काय, थेट विमान तिचेच. फ्लायदुबईचे मैलही त्याच खात्यात येतात, आणि घरातल्या सर्वांचे मैल एकत्र करता येतात, त्यामुळे मुलांच्या दिवाळीच्या फेऱ्याही वाया जात नाहीत. आपल्या विमानतळावर कोणाचे राज्य आहे, हे आधी पाहावे. मुंबईला तसे एकाचे राज्य नाही, म्हणूनच तिथल्या माणसाला एवढा विचार करावा लागतो, असे मला वाटते.

चाकणकर

हिशेबनीस, २६१ च्या नियमाबद्दल आपण लिहिलेत ते योग्यच आहे आणि ते प्रत्येक प्रवाशाला माहीत असावे. पण नियम पर्यायी विमानाचा हक्क देतो, रांगेतली जागा देत नाही. दोनशे माणसांना हक्क सारखाच असतो आणि पुढच्या विमानात रिकाम्या खुर्च्या अकरा असतात, तेव्हा त्या कोणाला मिळतात, हा माझा मुद्दा होता. माझ्या सहकाऱ्याला हक्काप्रमाणे सगळे मिळाले, फक्त ते दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाले.

हिशेबनीस

हे मान्य करतो. अडचणीच्या दिवशी रांग लहान असणे ही खरी सवलत आहे, आणि जो माणूस वर्षातून बारा वेळा फ्रँकफर्टला विमान बदलतो त्याला ती कधी ना कधी लागणारच.

परंतु मग एक अप्रिय गोष्टही बोलली पाहिजे. कंपनीचे पैसे, आणि मैल मात्र कर्मचाऱ्याच्या नावावर, अशी ही रचना आहे. दोन विमानांच्या भाड्यात दहा हजारांचा फरक असताना, आपल्या खात्यात मैल पडावेत म्हणून महागडे विमान मागणारे लोक मी पाहिले आहेत, आणि मला ते गैर वाटते. या योजना मुळात त्याच मोहावर उभ्या आहेत: तिकीट निवडणारा एक आणि पैसे देणारा दुसरा.

लेकीची आई

माझा प्रवास वर्षातून एकदाच, न्यू जर्सीला लेकीकडे, तोही यजमानांसह. जावयांनी आम्हा दोघांची खाती उघडून दिली आहेत, पण मैल मिळतात म्हणून मध्ये सात तास थांबणारे विमान घ्यायला मी दोनदा नकार दिला. आमच्या वयाला व्हीलचेअर आणि थेट विमान एवढेच हवे, आणि व्हीलचेअर तर मागेल त्याला कार्डाशिवाय विनामूल्य मिळते. खात्यात नाव असावे, मैल पडतील तेवढे पडावेत, त्यांच्यासाठी वाट वाकडी करू नये.

चाकणकर

काकू, आपण वर्षातून एकदाच जाता, त्यामुळे आपले अगदी बरोबर आहे. मीही माझ्या आईवडिलांना थेट विमानच घेऊन देतो.

हिशेबनीस, महागडे विमान मागणे गैर आहे, याविषयी आपल्यात मतभेद नाही. आमच्याकडे तिकीट प्रवास विभाग निवडतो, तीन दरांपैकी सर्वांत कमी दर घेण्याचे बंधन आहे, आणि मी फक्त खाते क्रमांक कळवतो. खिडकीजवळची यांनी म्हटल्याप्रमाणे विमान आणि खाते हे वेगळे निर्णय आहेत, म्हणूनच हे जमते. मात्र याच विभागाने पुढच्या आर्थिक वर्षापासून तारीख न बदलणारी स्वस्त तिकिटे घेण्याचा विचार चालवला आहे. त्या क्लासला निम्मे मैल धरले तरी युरोपच्या सहा फेऱ्यांचे साडेचोवीस हजारच होतात, म्हणजे गोल्ड दूर राहिला, २५,००० च्या सिल्व्हरलाही सिंगापूरच्या फेरीचा आधार लागेल. आणि स्टार अलायन्सच्या सिल्व्हरमध्ये प्रतीक्षायादीतल्या अग्रक्रमापलीकडे फारसे काही नाही. तसे झाले तर मी क्रिसफ्लायरचे खाते बंद करणार नाही, पण आघाडीचा आग्रह सोडून आपल्यासारखाच वेळ आणि दर पाहून तिकीट सुचवू लागेन.

हिशेबनीस

मग साठलेल्या मैलांचे तिकीट आत्ताच काढून ठेवा. क्रिसफ्लायरचे मैल तीन वर्षांनी बाद होतात, आणि सिंगापूर एअरलाइन्सच्या लांब पल्ल्याच्या बिझनेस क्लासमधल्या मैलांवर मिळणाऱ्या जागा ती मुख्यतः आपल्याच सदस्यांसाठी राखते, तो लाभ तुमच्या हातात अजून आहे.