हार्मोनियमच्या नोटेशनसाठी कोणतं बाइंडिंग?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. अभंग आणि नाट्यपदांचं भातखंडे पद्धतीचं नोटेशन टाइप करून छापलंय: ए४, १०० जीएसएम, पाठपोट, ४५ सुटे कागद. वाजवताना उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर. म्हणजे वही आपोआप सपाट उघडी राहायला हवी आणि पान झटकन उलटायला हवं. माझ्यासाठी हेच सगळ्यात महत्त्वाचं.

गोंदाचं बाइंडिंग करून पाहिलं, ते मिटतं आणि दाबून उघडलं की पानं सुटतात. प्लास्टिक स्पायरल सपाट राहतं, पण पान कडीत अडकतं आणि समोरासमोरची पानं किंचित वरखाली होतात. दोन पानांवर पसरलेल्या तानेत नजर चुकते. प्लास्टिकच्या खिशांची फाइल दिव्याखाली चमकते. जुजबंदी (घडी घातलेल्या कागदांचे गठ्ठे दोऱ्याने शिवून केलेलं बाइंडिंग) मनापासून आवडली असती, पण त्यासाठी घडीच्या कागदावर सगळं नव्याने छापावं लागेल.

म्हणून दुहेरी कड्यांच्या वायरचा विचार आहे. डावीकडे दीड सेंटीमीटर समास आहे, पुढे पानं वाढणार नाहीत. खर्चाची फार अडचण नाही.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात ही वायर गंजते का? आणि राजारामपुरी, महाद्वार रोड किंवा लक्ष्मीपुरी भागात ती नीट बसवून देणारं कुणी आहे का?