सुट्या तुकड्यांचा सोफा: घर बदललं, तेव्हा तुमच्याकडे काय झालं?

वारजं सोडून मागच्या महिन्यात बावधनला आलो. ६ वर्षांतलं हे चौथं भाड्याचं घर. ११ महिन्यांचा करार संपत आला की मला आधी सोफ्याची काळजी लागायची. जुना थ्री-सीटर जिन्याच्या वळणावर अडायचा. एकदा तर गॅलरीतून दोरखंडाने उतरवावा लागला. यंदा मॉड्युलर, म्हणजे सुट्या तुकड्यांचा होता: ४ बैठका, १ कोपरा, १ पूफ (पाठ नसलेली बुटकी बैठक). दोघा हमालांनी बघता बघता टेम्पोत चढवला. इथल्या हॉलमध्ये पूर्ण मावत नाही, म्हणून २ बैठका मुलीच्या खोलीत गेल्या. तुमचे अनुभव लिहा. फसलेलेही लिहा, त्यांचाच जास्त उपयोग होतो.

सदाशिव पेठ
आमचा हॉल १० बाय १२. तिथेच सासूबाईंची दुपारची झोप, माझी शिकवणी आणि भाद्रपदात गौरी-गणपती. पूर्वी सणाआधी दिवाण शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवायचो. आता बैठका भिंतीच्या कडेने लावल्या की मखराला जागा होते आणि आरतीला आलेली वयस्कर मंडळी तिथेच टेकतात.
पण घेताना उंची बघितली नाही. बैठक जमिनीपासून जेमतेम १५ इंच. सासूबाईंचे गुडघे धरलेले, दर वेळी हात देऊन उठवावं लागायचं. त्यांनी कधी तक्रार केली नाही, फक्त हॉलमध्ये येऊन बसणंच कमी केलं. ते माझ्या लक्षात यायला ३ महिने गेले, याचं अजून वाईट वाटतं. मग सुताराकडून त्यांच्या एका बैठकीला सागवानी पाय लावून घेतले, ३ इंच वाढवली आणि बाजूला हाताचा तुकडा जोडला. त्यावर भार देऊन त्या आपल्या आपण उठतात. रांगेत तेवढी एकच बैठक उंच दिसते. दिसू दे. बाकी कितीही हलवाहलव झाली तरी ती खिडकीपासून हलत नाही.

वाकड
गुळगुळीत टाइल्सवर तुकडे सरकतात, मधे फट पडते. दुकानात खाली गालिचा होता, त्यामुळे कळलं नाही. बोहरी आळीतून रबरी बुचं आणून पायांना लावली, आता ठीक.

कर्वेनगर
मी घरांच्या अंतर्गत सजावटीचं काम करते. ही कल्पना जुनी आहे. इटालियन डिझायनर मारिओ बेल्लिनी यांनी १९७० मध्ये केलेल्या 'कामालेओंदा' या सोफ्यात बैठक, पाठ आणि हात तारा, हूक व कड्यांनी जोडलेले होते. सरडा आणि लाट या दोन इटालियन शब्दांतून ते नाव आलं. म्हणून माझा आग्रह असतो, कापडाआधी जोड बघा. तुकडा उलटा करायला सांगा. फोमची घनता विचारा. रोजच्या बसण्यासाठी मी घनमीटरला ४० किलोची घेते.

सिंहगड रोड
२ वर्षांनी आणखी १ बैठक मागवली, तर ते कापडच बंद झालेलं. नवी बैठक वेगळ्याच छटेची आली. वाढवायचा विचार असेल तर कापड आधीच जास्तीचं घेऊन ठेवा.

औंध
बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांना आमच्याकडे आणलं. भाड्याचा पलंग हॉलमध्ये लावला. २ बैठका समोरासमोर जोडून त्याला टेकवल्या आणि ७ आठवडे मी तिथे झोपलो. रात्री त्यांनी नुसता हात लांब केला तरी मला जाग यायची. आता ते काठीने चालतात. सोफा पुन्हा जोडायला घेतला, तेव्हा म्हणाले, "एक राहू दे इथेच." संध्याकाळी ऑफिसातून आलो की मी आधी तिथे बसतो.