पाऱ्याचा थर्मामीटर फुटला, काय करू?

अनघा, सनीव्हेल:

मंडळातल्या सर्वांना नमस्कार,

काल रात्री धाकट्याला ताप होता. आई (सासूबाई) साताऱ्याहून येताना काचेचा जुना थर्मामीटर घेऊन आल्यात, डिजिटलवर त्यांचा विश्वास नाही. झटकताना तो निसटला आणि बाथरूमच्या फरशीवर फुटला. पाऱ्याचे बारीक मणी पार कोपऱ्यात, टाइलच्या फटीत गेलेत. दार लावून खाली टॉवेल कोंबून ठेवलाय. व्हॅक्यूम लावणार होते, पण यांनी थांबवलं. कुणाला नक्की माहीत आहे का?

आणखी एक. बाबांच्या इन्सुलिनच्या सुया एका बरणीत साठल्यात, गराजमध्ये रंगाचे डबे आहेत आणि पोट फुगलेला एक जुना फोन आहे. हे सगळं न्यायचं कुठे?

विद्या, फ्रीमाँट:

अनघा,

व्हॅक्यूम नको, झाडूही नको. व्हॅक्यूमच्या गरम हवेने पाऱ्याची वाफ घरभर होते आणि मशीन कायमचं बाद होतं. झाडूने मणी फुटून आणखी बारीक होतात. मी बरीच वर्षं प्रयोगशाळेत काढली आहेत, म्हणून हे ठामपणे सांगते.

मुलांना आणि आईंना तिकडे फिरकू देऊ नकोस. बाथरूमची खिडकी उघड, हीटर बंद कर. बांगड्या, अंगठी, मंगळसूत्र काढून ठेव, कारण सोन्याला पारा लगेच चिकटतो. रबरी मोजे घाल. मग दिवा मालवून टॉर्च फरशीलगत आडवा धर. मणी चमकतात, एकही सुटत नाही. जाड कार्डाने ते हळूहळू एकत्र ढकल, ड्रॉपरने उचल आणि घट्ट झाकणाच्या बरणीत सोड. फटीत उरलेले चिकटपट्टीने टिपून घे. काचा, मोजे, कार्ड, पट्टी सगळं दोन झिपलॉक पिशव्यांत एकात एक घाल. सिंकमध्ये किंवा कमोडमध्ये काहीही सोडायचं नाही. पारा लागलेला कपडा वॉशिंग मशीनमध्येही नाही. खिडकी निदान 24 तास उघडी ठेव.

एका थर्मामीटरमध्ये साधारण अर्धा ग्रॅम पारा असतो, त्यामुळे घाबरू नकोस, घरच्या घरी आवरता येईल. काही शंका वाटली तर पॉयझन कंट्रोलला (विषबाधेबद्दल सल्ला देणारी फोनसेवा) लगेच फोन कर: 1-800-222-1222, चोवीस तास चालू असतो.

कॅलिफोर्नियात 2002 पासून असे थर्मामीटर प्रिस्क्रिप्शनशिवाय विकता येत नाहीत. आपल्याकडे ते भारतातून बॅगेत येतात. ज्यांच्या घरी अजून धड असलेला असेल त्यांनी फुटायची वाट पाहू नये.

मंडळाची सचिव:

अनघाताई,

विद्यामावशींनी पाऱ्याचं सांगितलंच आहे, बाकीचं मी लिहिते. सांता क्लारा काउंटीत घरातला धोकादायक कचरा मोफत घेतात, फक्त आधी अपॉइंटमेंट घ्यावी लागते. सान होजेचं केंद्र लास प्लुमास अव्हेन्यूवर आहे. पालो अल्टोची सोय वेगळी आहे. अलमेडा काउंटीवाल्यांसाठी फ्रीमाँट, हेवर्ड, ओकलंड आणि लिव्हरमोरला केंद्रं आहेत. एका फेरीत गाडीतून 15 गॅलन किंवा 125 पौंडांपर्यंतच नेता येतं.

बाटल्या मूळच्या, लेबलसकट न्या. जागा वाचवायला उरलेलं एकात एक ओतू नका, ही माझी कळकळीची विनंती. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनरचं ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो. फुगलेला फोन दाबू नका, चार्जही करू नका. पत्र्याच्या डब्यात वाळू घालून त्यात ठेवा. लिथियम बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावा, नाहीतर कचऱ्याच्या ट्रकमध्ये आगी लागतात. सुया 2008 पासून इथे कचऱ्यात टाकायला बंदी आहे. काचेची बरणी चालत नाही, सुयांसाठीचा खास लाल डबाच लागतो. औषधाच्या दुकानात विचारा, टपालाने परत पाठवायचे डबेही मिळतात.

आता मंडळाचं. गणपतीच्या मखराचे रंग स्टोरेजमध्ये पडून आहेत. ते 'घरगुती' धरले जात नाहीत, संस्थांना पैसे भरून वेगळी वेळ घ्यावी लागते. पण भिंतीचा साधा रंग पेंटकेअर या उरलेला रंग परत घेणाऱ्या योजनेतल्या रंगाच्या दुकानात देता येतो, एका वेळी 5 गॅलनपर्यंत, आणि तिथे संस्थाही चालतात. या वर्षी शिल्लक राहिलेलं त्याच आठवड्यात पोचवायचं, असं मी कार्यकारिणीत मांडणार आहे. मागच्या वर्षी सजावटीचे ब्रश पार्किंगमधल्या गटाराच्या जाळीवर धुतलेले मी स्वतः पाहिले. त्या जाळीशेजारी मासा काढून लिहिलेलं असतं की हे पाणी थेट खाडीत जातं. ते कुठेही शुद्ध होत नाही.

अनघा, सनीव्हेल:

विद्यामावशी, सचिवताई, मनापासून आभार.

टॉर्चची युक्ती अगदी बरोबर निघाली. कमोडच्या मागे सात-आठ मणी होते, एरवी दिसलेच नसते. शनिवारी केंद्रावर जाऊन आलो. गाडीतून उतरायचंही नसतं, डिकी उघडली की तिथली माणसंच सगळं काढून घेतात. सुयांचा लाल डबा मिळालाय.

आईंना नवा थर्मामीटर दोनदा लावून दाखवला. दोन्ही वेळा आकडा एकच आला, तेव्हा त्यांनी तो आपल्या औषधांच्या डब्यात ठेवून घेतला.