गुडघ्याची बाहेरची बाजू दुखते आहे: धावणं आणि सायकल दोन्ही ठेवून साताऱ्याची हाफ आणि मुंबईची फुल जमेल का?

टेकडीवाली

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते आहे, कारण अर्धवट माहितीवर कुणालाच नेमकं सांगता येणार नाही.

वय ४४, पुण्यात राहते. धावणं बऱ्याच वर्षांचं. दुखणं सुरू होण्याआधी आठवड्याला ३५-४० किमी होत होतं, त्यात एकदा वेताळ टेकडी आणि रविवारी लांब पल्ला. सायकल करोनाच्या काळात हातात आली आणि सुटली नाही. बोपदेव, कात्रज, पानशेत हे नेहमीचे रस्ते. गेल्या हिवाळ्यात २०० किमीची बीआरएम (ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी) साडेतेरा तासांच्या मुदतीत व्यवस्थित पूर्ण झाली.

पुढचं ठरवलेलं असं आहे. सप्टेंबरात सातारा हिल हाफ मॅरेथॉन. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईला पहिली फुल मॅरेथॉन. आणि मधे ऑक्टोबर-नोव्हेंबरात ३०० ची बीआरएम. ३०० चा हट्ट अशासाठी की २०२७ च्या ऑगस्टमध्ये पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सायकल फेरी आहे आणि तिच्या पात्रतेला बीआरएम लागतात. चार वर्षांतून एकदा येते, १२०० किमी, जास्तीत जास्त ९० तास. तिथे जायचं मनात आहे आणि पुढच्या खेपेला मी ४९ वर्षांची असेन.

आता दुखणं. उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी. सपाटीवर पाच-सहा किमीपर्यंत काही नसतं, मग हळूहळू सुरू होतं आणि वाढतच जातं. टेकडी चढताना अजिबात नाही. उतरताना मात्र कळ येते, जिना उतरतानासुद्धा. चालायला लागलं की थांबतं. सूज नाही, गुडघा अडकत नाही. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवलं, एक्स-रे स्वच्छ आहे. त्यांचं निदान इलिओटिबियल बँडचं (मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या पट्ट्याचं) आहे. सल्ला असा की धावणं सहा आठवडे बंद, सायकल चालेल.

अडचण इथेच आहे. दीड तासाच्या वर सायकल झाली की त्याच जागी तेच दुखणं सुरू होतं. धावणारे मित्र म्हणतात सायकल सोड, सायकलवाले म्हणतात धावणं सोड. मला दोन्ही हवं आहे. पहाटे टेकडीवर धावून आलं की दिवसभर डोकं शांत राहतं, आणि सायकलवर मी एकटी जितकं जग पाहिलं तितकं दुसऱ्या कशाने पाहिलं नसतं. यातलं एक सोडून दुसरं टिकेल असं मला वाटत नाही.

तर विचारायचं हे: सायकलवर दुखणं का येतं? दम टिकवायला सायकल किती आणि कशी चालवू? साताऱ्याचा उतार या गुडघ्याने धरावा का? आणि तीनपैकी काही सोडायचंच झालं तर काय सोडू? तुमच्यापैकी कुणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

लांबपल्ला

ताई, आधी सॅडलची, म्हणजे सीटची, उंची बघा. हा बँड कंबरेच्या बाहेरच्या बाजूने निघून मांडीवरून गुडघ्याच्या खाली बाहेरच्या हाडाला जोडलेला असतो. गुडघा साधारण ३० अंश वाकलेला असताना तो बाहेरच्या हाडावर सर्वात जास्त दाबला जातो. पेडल तळाला असताना गुडघ्याचा कोन नेमका याच्या आसपास येतो. सॅडल उंच असेल तर प्रत्येक फेरीत पाय ताणला जातो आणि त्या जागेवर दाब पडतो. मिनिटाला ८० फेऱ्या धरल्या तर तासाला ४,८०० झाल्या. दहा तासांच्या बीआरएमला ४८,००० होतात. दीड तासाने दुखणं का सुरू होतं ते यातून कळेल.

घरच्या घरी तपासायचं तर सायकल भिंतीला टेकवून बसा आणि टाच पेडलवर ठेवा. पेडल तळाला असताना पाय जेमतेम सरळ व्हायला हवा, कंबर न कलता. मग कुणाला तरी मागून मोबाइलवर चालवतानाचं चित्रण करायला सांगा. कंबर डावी-उजवीकडे हलत असेल तर सॅडल उंच आहे. ५ मिमीने खाली घ्या, दोन-तीन फेरफटके मारा, मग पुन्हा ठरवा. एकदम दोन सेंटीमीटर खाली आणू नका, नाहीतर गुडघा पुढून दुखायला लागेल. सॅडल फार मागे असेल तरी हाच त्रास होतो.

क्लीटचे (तळव्याच्या पट्टीने पेडलमध्ये अडकणारे) बूट वापरता का? पायाची बोटं आत वळतील असे क्लीट बसले असतील तर बँडवर ताण वाढतो. टाच थोडी इकडेतिकडे हलू देणारे क्लीट घ्या.

अनवाणी_सकाळ

मलाही हेच झालं होतं. फोम रोलरवर मांडीची बाहेरची बाजू रगडत राहिले, नुसतं ठणकलं. फरक पडला तो कंबरेच्या व्यायामांनी. धीर धरा ताई, हे जातं.

टेकडीवाली

सगळ्यांचे आभार. चित्रण करून पाहिलं. पेडल तळाला असताना उजवा पाय जवळजवळ सरळ होतो आहे आणि कंबर उजवीकडे झुकते आहे. सॅडल ५ मिमी खाली घेतलं. खडकवासल्यापर्यंत जाऊन आले, काही जाणवलं नाही, पण तेवढ्यात आधीही जाणवत नव्हतं. क्लीटवाले बूट तूर्त बाजूला ठेवून साध्या पेडलवर चालवते आहे.

सांधेजोड

मी फिजिओथेरपिस्ट आहे, धावणाऱ्यांबरोबर काम करते. हात लावून तपासल्याशिवाय निदान करणार नाही, पण तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं आणि तुम्ही लिहिलेलं नीट जुळतं. गुडघ्यावर सूज आली, तो अडकायला लागला, रात्री झोपेत दुखला किंवा हाडावर दाबून तीव्र कळ आली तर मात्र लगेच परत दाखवा.

अनवाणी_सकाळ यांनी लिहिलं ते अगदी बरोबर आहे. हा बँड स्नायू नाही, जाड पट्टा आहे. तो रगडून किंवा ताणून फारसा लांब होत नाही. काम करायचं ते त्याच्या वरच्या टोकाच्या स्नायूंवर, म्हणजे कुल्ल्याच्या बाजूच्या. ते थकले की धावताना एका पायावर भार आला की दुसऱ्या बाजूची कंबर खाली पडते, मांडी आत वळते आणि बँड ताणला जातो. पाच-सहा किमीनंतरच दुखण्याचं एक कारण हे असू शकतं. कुशीवर झोपून पाय उचलणं, साइड प्लँक, पायरीच्या कडेला एका पायावर उभं राहून कंबर खाली-वर करणं, आणि पायरीवरून हळू उतरत टाच जमिनीला टेकवून परत वर येणं, एवढं आठवड्यातून तीनदा करा. पायरीचा व्यायाम आरशासमोर करा, गुडघा आत पडता कामा नये.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. धावणं आणि सायकल एकत्र करणाऱ्यांत मला एक धोका वारंवार दिसतो. सायकलमुळे हृदय आणि फुप्फुसं तयार राहतात, पण धावण्याचा आघात पायांना मिळत नाही. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-अडीच पट भार येतो, सायकलवर तो नसतो. त्यामुळे सहा आठवड्यांनी परत धावायला लागलं की दम म्हणतो १५ किमी जाऊ, आणि बँड व हाडं पाचलाच थकलेली असतात. म्हणून धावण्याचं प्रमाण दमावर ठरवायचं नाही, गुडघ्यावर ठरवायचं. सायकल कितीही छान चालू असली तरी.

सुरुवात अशी करा. जिना उतरताना आठवडाभर दुखलं नाही की सपाटीवर तीन मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं, एकूण अर्धा तास, एक दिवसाआड. दहापैकी दोनपर्यंतची जाणीव चालेल, पण ती धावता धावता वाढता कामा नये आणि दुसऱ्या सकाळी उरता कामा नये. उरली तर मागच्या पायरीवर परत या. पावलं छोटी आणि जलद ठेवा, मिनिटाला पाच-सात टक्के जास्त. दोन पावलांमध्ये किंचित रुंद अंतर ठेवा, एका रेषेवर पावलं पडू देऊ नका. रस्त्याच्या उताराकडेही लक्ष द्या. आपले रस्ते कडेला खाली झुकलेले असतात, रोज एकाच बाजूने धावलं की एका पायावर कायम जादा ताण येतो. शक्य असेल तर मैदानावर धावा, फक्त दिशा बदलत राहा.

लांब, संथ मेहनत सायकलवर घ्या, एकावेळी दुखणं सुरू होण्याच्या अलीकडे थांबून. सॅडलची उंची बदलल्यावर ती मर्यादा दीड तासाऐवजी दोन तास झाली तर हळूहळू वाढवा. सायकलवर हृदयाचे ठोके धावण्यापेक्षा पाच-दहा कमी राहतात, धावण्याचे आकडे तिथे गाठायला जाऊ नका. घाटातली जोरकस सायकल आणि दुसऱ्या दिवशी धावणं अशी जोडी लावू नका. व्यायाम धावण्याच्याच दिवशी संध्याकाळी ठेवा, म्हणजे विश्रांतीचा दिवस खरा विश्रांतीचा राहील.

वेदनाशामक गोळी घेऊन लांब धावू नका. घामाने पाणी कमी झालेलं असताना काही गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देतात, आणि दुखणं झाकलं की थांबायचं कधी ते कळत नाही.

यवतेश्वरकर

साताऱ्याबद्दल मी सांगू शकतो, मी दरवर्षी धावतो. शर्यत गावातून निघते, यवतेश्वर घाट चढून कासच्या रस्त्याला लागते आणि तिथून वळून त्याच वाटेने परत येते. म्हणजे चढ पहिल्या अर्ध्यात आणि जवळजवळ सगळा उतार दुसऱ्या अर्ध्यात, तोही पाय थकलेले असताना. तुम्हाला चढताना काही होत नाही आणि उतरताना कळ येते. खरं सांगतो ताई, तुमच्या गुडघ्याला याहून अवघड हाफ महाराष्ट्रात शोधावी लागेल.

पण आत्ताच रद्द करू नका. ऑगस्टच्या मध्यावर बोपदेव घाट वरून खाली एकदा सावकाश धावून बघा. त्याआधी दुखऱ्या पायावर पायरी उतरण्याचे वीस-पंचवीस उठाबशीसारखे फेरे विनादुखणं झाले पाहिजेत. दोन्ही जमलं तर या, नाही जमलं तर नका येऊ. आलात तर घाट मनसोक्त चढा, आणि वळणानंतर वेळ विसरून उतरा. घाटात पावसाळी धुकं असतं, दोन्ही बाजूंना हिरवंगार असतं. तो रस्ता पुढच्या वर्षीही तिथेच आहे.

टेकडीवाली

इतकं मनापासून लिहिलंत, डोळे भरून आले. सगळं दोनदा वाचलं.

साताऱ्याचा निर्णय ऑगस्टच्या मध्यावर, यवतेश्वरकर दादांच्या कसोटीने. त्याआधी त्याचा विचारच करणार नाही. मुंबई सोडायची नाही. सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत सतरा-अठरा आठवडे मिळतात, त्यात हळूहळू वाढवता येईल. वेळेचं लक्ष्य काढून टाकलं आहे. पस्तीस किमीनंतर पेडर रोडचा चढ आला की मला तो आवडेल, उतार काय करेल ते बघू.

राहिली ३०० ची बीआरएम. ती बरोबर मुंबईच्या तयारीच्या मधे येते. ती सोडली तर पॅरिसचं काय?

लांबपल्ला

ती काळजी करू नका. पात्रतेच्या २००, ३००, ४०० आणि ६०० या चारही २०२७ मध्येच कराव्या लागतील, या वर्षीच्या त्यात धरल्या जात नाहीत. या वर्षी लांब बीआरएम केली तर फायदा होऊ शकतो तो नोंदणीत. २०२३ च्या वेळी ज्यांनी २०२२ मध्ये जास्त लांबीची बीआरएम पूर्ण केली होती त्यांना आधी नोंदणी करता आली होती. तुमची गेल्या हिवाळ्यातली २०० या वर्षाच्या जानेवारीनंतरची असेल तर तीही उपयोगी पडू शकते. पात्रतेला ती मोजली जाणार नाही एवढंच.

माझं मत: ऑक्टोबर-नोव्हेंबरात ३०० करू नका. ३०० ला २० तासांची मुदत असते, म्हणजे रात्र धरून चालवणं आलं, आणि त्यानंतरचे आठ-दहा दिवस धावायला पाय उरत नाहीत. मुंबई आटोपली की महिनाभर पाय मोकळे करा आणि मार्चच्या आत २०० ने सुरुवात करा. उन्हाळ्यात ४०० आणि ६०० रात्री जास्त चालवता येतात. तोवर सॅडल पक्कं बसलेलं असेल. एक करा, आत्ताच सॅडलची उंची, दोन्ही पेडलांचे दांडे जिथे जोडलेले असतात त्या मधल्या बिंदूपासून मोजून वहीत लिहून ठेवा. दुकानात सर्व्हिसिंगहून परत आली की पहिल्यांदा तेवढं मोजा.

टेकडीवाली

२०० फेब्रुवारीतली आहे! मोजून लिहून ठेवते आजच. आणि पुढच्या रविवारी पानशेतपर्यंत जाऊन दोन तास झाल्यावर गुडघा कसा आहे ते इथेच लिहीन.