सिन्नरमधलं ४ एकर मुरमाड रान वन्यजीवांसाठी सोडायचंय, सल्ला हवा

माळावरची

नमस्कार. सिन्नर तालुक्यात वावीच्या पुढे आमची ७ एकर जमीन आहे. विहिरीखालच्या ३ एकरांत कांदा, मका आणि थोडं डाळिंब होतं. वरचं ४ एकर उताराचं आणि मुरमाड. तिथे पूर्वी बाजरी-मठ घेत. पुढे मजुरी परवडेना, पाऊसही साथ देईना, म्हणून हल्ली नुसती नांगरट करून ठेवतात. मी नोकरीसाठी नाशिकला असते, पण शेतीचं काहीही ठरवायचं तर नाना माझ्याशी बोलतात.

ते ४ एकर मला रानातल्या जिवांसाठी सोडायचे आहेत. माझ्या लहानपणी तिथे ससे, तितर, क्वचित खोकड दिसायचं. आता गाजर गवत, बांधाला घाणेरी आणि बाकी उघडी जमीन. इंग्लंडमधल्या नेप इस्टेटबद्दल वाचलं तेव्हापासून हे डोक्यात आहे. तिथल्या मालकांनी २००१ पासून तोट्यातली शेती टप्प्याटप्प्यानं थांबवली, सुमारे ३५०० एकर निसर्गावर सोपवले आणि नाइटिंगेल, टर्टल डव्ह असे तिकडे झपाट्यानं कमी होत चाललेले पक्षी परत आले. आपल्याकडे एवढ्याशा तुकड्यावर असं काही होईल का? देशी झाडं कोणती लावू, किती लावू, रोपं कुठे मिळतील? ऑफिसातला एक जण मियावाकी पद्धतीचं दाट जंगल कर म्हणतोय.

नानांची काळजी वेगळीच आहे. रान पडीक टाकलं तर सातबाऱ्यावर काय लागेल आणि गाव काय म्हणेल, हे दोन प्रश्न त्यांचे. त्यावरही कोणी सांगितलं तर बरं होईल.

गोदाकाठ

फार चांगला विचार आहे. सातपूरला फाशीच्या डोंगरावर नाशिक देवराई आहे, ती आधी बघून या. २०१५ च्या पर्यावरण दिनाला तिथे लोकसहभागातून देशी झाडांची मोठी लागवड झाली. उघड्या डोंगरावर काय उभं राहू शकतं ते डोळ्यांना दिसेल. म्हसरूळची वनदेवराईही बघा. वड, उंबर, मोह, आपटा, बहावा, करंज अशी मिश्र लागवड केलीत तर ४ एकरांत हजारभर झाडं आरामात बसतील.

खडकमाळ

ताई, देवराई जरूर बघा, पण तिथली झाडांची यादी उचलून वावीला लावू नका. नाशिक जिल्हा एकच असला तरी पाऊस एक नाही. इगतपुरीत ३००० मिलिमीटरच्या पुढे पडतो आणि पूर्व सिन्नर, येवला, नांदगावकडे ५०० च्या आसपास. सह्याद्रीच्या कुशीतलं जंगल तुमच्या मुरमावर कधी नव्हतंच. तिथे होता तो गवताळ माळ, अधूनमधून बोर, हिवर, तरवड आणि ओघळीच्या कडेला पळस. तुम्ही ज्यांची आठवण सांगितलीत ते ससे, तितर, खोकड सगळे या माळाचेच रहिवासी.

म्हणून हजार झाडं नकोत. हे मी ठामपणे सांगतो, कारण चांगल्या मनानं केलेल्या वृक्षारोपणानं आपल्या भागातले माळ जात आहेत आणि त्याबद्दल कोणाला हळहळही वाटत नाही. चंडोल, धाविक, माळटिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. आसपास उंच झाडं झाली की त्यांवर कावळे आणि शिकारी पक्षी बसतात आणि अंडी-पिल्लं टिकत नाहीत. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे भोवत्या हे शिकारी पक्षी दिवसभर माळावर नाकतोडे-उंदीर टिपतात आणि रात्री गवतातच जमिनीवर मुक्काम करतात. गच्च झाडी त्यांच्या उपयोगाची नाही. काळवीटही मोकळ्या माळाचाच प्राणी. विश्वास बसत नसेल तर येवल्याच्या ममदापूर संवर्धन राखीव क्षेत्रात जाऊन या. तुमच्यापासून फार लांब नाही आणि ४ एकरांचं काय व्हायला हवं याचं चित्र तिथे जास्त नीट मिळेल.

मियावाकीत दाट लागवड असते, माती बाहेरून भरखत घालून तयार करावी लागते आणि पहिली दोन-तीन वर्षं पाणी द्यावं लागतं. उन्हाळ्यात ज्या भागात प्यायला टँकर येतो तिथे हे कशासाठी करायचं?

आता काय करायचं ते सांगतो. पहिलं, नांगरट बंद. गाजर गवताला उकरलेली, उघडी जमीन हवी असते आणि दरवर्षी ती तुम्हीच त्याला देताय. फुलावर यायच्या आत, जमीन ओली असताना मुळासकट उपटा. हातमोजे घाला, अंगावर पुरळ उठते. घाणेरी वरून छाटून काही होत नाही, ती दुप्पट फुटते. जमिनीच्या जरा खाली, खोड आणि मूळ जिथे जुळतं तिथे कुदळीनं तोडून बुंधा उलटा टाकायचा. दिल्ली विद्यापीठाच्या सी. आर. बाबूंनी ही पद्धत रुजवली आणि ती बिनविषाची आहे. एका वर्षात संपणार नाही. पक्षी फळं खाऊन बी टाकत राहतात, त्यामुळे नवी रोपं दर पावसाळ्यात शोधून उपटावी लागतील.

दुसरं काम गवताचं. पवना, शेडा, डोंगरी, मारवेल, कुसळी ही आपली गवतं. मारवेल ठोंबांनी, म्हणजे मुळं असलेल्या फुटव्यांनी लागतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात चारा गवतांवर काम चालतं, तिथे ठोंबांची चौकशी करा. बाकीच्यांचं बी तुमच्याच परिसरातून गोळा करा. जिथे चराई होत नाही अशा जागा शोधा, म्हणजे जुनी स्मशानभूमी, देवस्थानाची जमीन, रस्त्याकडेची राखलेली पट्टी. वनविभागाच्या कुरणातून हवं असेल तर परवानगी घ्या. बी ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिकतं. ताजं बी लगेच उगवत नाही, त्याला काही महिने सुप्तावस्था असते, म्हणून कोरड्या जागी ठेवून जूनच्या पहिल्या पावसाला टाकायचं. गवताचं बी हलकं आणि लवदार असतं, वाऱ्यानं उडतं, मुंग्या नेतात. माती आणि शेणात कालवून बारीक गोळ्या करून टाकलं तर जाग्यावर राहतं.

आणि जेसीबी आणू नका. सलग समतल चर मारून घ्या असा सल्ला कोणीतरी नक्की देईल. मुरमाच्या वरचा जो बोटभर मातीचा थर आहे तो एकदा उलथला की तिथे पुन्हा आधी गाजर गवतच येतं. उतारावर पाणी थोपवायचं तर हातानं दगडी ताली रचा. दगडांच्या सांदीत पाली, विंचू, साप राहतात, तेही हवेच आहेत.

टिटवी

खडकमाळ यांच्याशी सहमत. थोडी भर घालते.

पाण्याची सोय करायची असेल तर प्लास्टिकचं शेततळं नको. आपल्या जिल्ह्यात द्राक्ष-डाळिंबासाठी गावोगाव अशी तळी झालीत आणि त्यांत पडलेल्या जनावराला गुळगुळीत कागदावरून वर येता येत नाही. कोल्हे, रानमांजरं, कधी बिबटेसुद्धा त्यात जातात. उतरत्या काठाचं, घोटाभर पाण्याचं, अस्तर नसलेलं डबकं पावसाळ्यापुरतं भरलं तरी बेडूक, चतुर, पाणथळीचे पक्षी येतात. खाली शेतात कागदाचं तळं असेलच तर काठावरून पाण्यात दोराची जाळी किंवा आडव्या पट्ट्या मारलेला बांबू सोडून ठेवा. विहिरीला कठडा नसेल तर तो आधी बांधून घ्या.

हरभऱ्यात पक्षीथांबे लावतात ना, तसे वाळक्या फांद्यांचे थांबे बांधाला रोवा. त्यावर बसलेल्या पक्ष्यांच्या विष्ठेतून बोर, करवंद, कडुनिंब आपोआप रुजतात.

खडकमाळ

थांबे फक्त ओघळीच्या आणि खालच्या बांधाच्या बाजूला रोवा. माळाच्या मध्यावर नकोत, कारण जमिनीवरच्या घरट्यांवर नजर ठेवायला ती आयती जागा होते.

निफाडकर

मी शेतकरी आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. ताई, तुमचं ४ एकर रान होईल, पण शेजाऱ्याचं काय? आमच्या गोदाकाठच्या पट्ट्यात बिबट्यांमुळे रात्री पाणी भरायला जायची भीती वाटते. रानडुकरं मका एका रात्रीत लोळवतात. तुमच्या गवतात ही जनावरं बसायला लागली तर गाव नानांना बोलेल, तुम्हाला नाही. तुम्ही नाशिकला असाल.

खडकमाळ

निफाडकर, तुमचं म्हणणं रास्त आहे. गावात राहणाऱ्यांच्या जिवाचा प्रश्न आहे.

बिबट्याबद्दल इतकंच सांगतो की निफाडला त्याला आसरा मिळतो तो उसात. तिथे बारमाही पाणी, दाट आडोसा आणि वस्तीजवळ खाणं आहे. शेजारच्या अकोले भागात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. पूर्व सिन्नरचं गुडघाभर गवत, तेही मार्चपर्यंत वाळून जाणारं, बिबट्याला उसासारखा निवारा देत नाही. घराजवळचा उकिरडा, मोकाट कुत्री आणि रात्री उघड्यावर बांधलेली शेळी त्याला जास्त ओढतात.

रानडुकरांचं मात्र खरं आहे. त्यावर उपाय म्हणजे मक्याला लागून गवत येऊ देऊ नका, मध्ये रुंद मोकळी पट्टी ठेवा. घाणेरीच्या जाळ्या काढल्या की डुकरांची दिवसा लपायची जागाही जाते. सभोवार झटका मशीन (विजेच्या तारांचं कुंपण) लावून रान बंद करू नका. खोकड आणि तरसाला येण्या-जाण्याची वाट राहिली पाहिजे. आणि ताई, नानांनी शेजाऱ्यांशी आधी बोलावं. गवत काय आहे, कापून कोणाला मिळणार आहे, हे माणसाला कळलं की विरोध बराच निवळतो.

सातबारा

महसूल खात्यात आयुष्य गेलं, म्हणून नानांच्या प्रश्नाचं उत्तर देतो.

ई-पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यावरची पिकाची नोंद, शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवरून करायची असते. ती केली नाही किंवा ‘पड’ म्हणून सोडून दिली तर तशी नोंद लागत जाते आणि दरवर्षी तीच लागणं चांगलं नाही. तुम्ही गवत राखणार आणि कापणार असाल तर चारा म्हणून नोंद करा. बांधावरच्या झाडांचीही नोंद होते, ती टाळू नका. तलाठ्याला एकदा प्रत्यक्ष रान दाखवा.

झाडांबद्दल एक लक्षात ठेवा. १९६४ च्या झाडतोड नियमन कायद्याच्या यादीत साग, खैर, मोह, चिंच, आंबा, जांभूळ, हिरडा अशी झाडं आहेत. स्वतःच्या रानातलं असलं तरी ते तोडायला परवानगी लागते. पुढच्या पिढीला जमीन पुन्हा कसायची झाली तर हे आड येऊ शकतं, म्हणून काय लावता ते विचारपूर्वक लावा.

कायमचं संरक्षण हवं असेल तर वन्यजीव संरक्षण कायद्यात ३६-क कलमाखाली समुदाय राखीव क्षेत्राची सोय आहे. खाजगी जमीन मालकाच्या इच्छेनं त्यात घेता येते. मात्र एकदा घोषित झालं की जमिनीचा वापर बदलायला व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मंजुरी लागते. एकट्या ४ एकरांसाठी मी तो मार्ग सुचवणार नाही. शेजारचं गायरान आणि आणखी काही शेतकरी सोबत आले तर विचार करा. तोवर ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे जा आणि लोक जैवविविधता नोंदवहीत या माळाची, तिथल्या गवतांची आणि पक्ष्यांची नोंद करून घ्या.

माळावरची

सगळ्यांचे मनापासून आभार. नानांना रविवारी हे सगळं वाचून दाखवलं. नांगरट बंद करायला ते लगेच तयार झाले, खर्चच वाचतो म्हणाले. पवना आणि मारवेल त्यांना ओळखता येतात. आमच्या गावच्या म्हसोबाच्या माळावर अजून आहे म्हणे.

आता दोन अडचणी. एक, आमच्या भागात पाऊस संपला की मेंढपाळ येतात, वर्षानुवर्षांची ओळख आहे, त्यांना नाही कसं म्हणायचं? दुसरी, गवत वाढलं आणि कोणी विडी टाकली तर?

टिटवी

आगीसाठी जाळरेषा काढून ठेवा. दिवाळीनंतर गवत पिवळं पडायला लागलं की रस्त्याकडेनं आणि बांधाच्या आतून तीन-चार मीटर रुंद पट्टी कापून साफ करायची. कापलेलं गवत तिथेच ढीग करून ठेवू नका.

अजून एक. सुरुवात करायच्या आधी, आत्ताच्या स्थितीत, एकदा सकाळी सगळं रान फिरून पक्ष्यांची यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर टाका आणि ठरावीक दगडावरून फोटो काढा. पुढे काय बदललं ते त्याशिवाय कळणार नाही. श्रावण चालू आहे, लावे आणि चंडोल आवाजावरून सहज सापडतील.

खडकमाळ

मेंढपाळांना नाही म्हणूच नका. नेपमध्ये जुन्या जातीच्या गाई, तट्टू आणि डुकरं मोकळी सोडली आहेत, कारण चरणारी जनावरं नसली तर सगळं एकसारखं वाढून जातं. आपल्या माळावर ते काम काळविटांनी केलं आणि मेंढ्यांनीही केलं. लांडगा आपल्या भागात टिकला त्यातही या कळपांचा वाटा आहे. गवत कधीच खाल्लं-कापलं गेलं नाही तर जुन्या काडीचा थर साचतो, नवे कोंब दबतात आणि आगीचा धोका वाढतो. धाविक आणि माळटिटवीला तर आखूड गवतच लागतं.

प्रश्न वेळेचा आहे. जूनपासून बी झडेपर्यंत, म्हणजे साधारण नोव्हेंबर अखेरपर्यंत, पूर्ण चराईबंदी ठेवा. लावे, तितर, चंडोल यांतल्या बऱ्याच जणांची वीण त्याच काळात असते. डिसेंबर-जानेवारीत निम्म्या रानात मेंढ्या येऊ द्या, निम्मं उभं राखा आणि पुढच्या वर्षी बाजू बदला. मार्चनंतर टिटव्या अंडी घालतात, तेव्हा पुन्हा बंद. पहिली दोन वर्षं मात्र नवं गवत मूळ धरेपर्यंत चारण्याऐवजी विळ्यानं कापून त्यांना भारे द्या. ओळखीचे मेंढपाळ आहेत तर नानांनी समोर बसून तारखा ठरवून घ्याव्यात. कुठल्या माळावर कुठलं गवत अजून शिल्लक आहे हेही तेच लोक सांगतील, बी गोळा करायला त्यांचा उपयोग होईल.

म्हसोबाच्या माळावरच्या मारवेलची ठोंबं काढायची तर पुढच्या जूनमध्ये, चांगली ओल झाल्यावर काढा. एका जागेवरून सगळी नको, विरळ विरळ घ्या आणि त्याच दिवशी लावा.